आनेचं अंगण झाडल्याची हकीकत

अरुणाचलला जायचं असेल तर माणसाने गुपचूप जाऊन यावं, बिल्डिंगमध्ये बोलू नये. इंदूरचा माणूस उज्जैनला निघाला तरी त्याला चौघे सल्ला देतात. आम्ही तर देशाच्या पार ईशान्य टोकाला निघालो होतो. मी लिफ्टमध्ये सहज बोलून गेलो आणि जेवायच्या आत आमच्या हॉलमध्ये सभा भरली.

अध्यक्षस्थानी अर्थातच तिसऱ्या मजल्यावरचे अप्पासाहेब. त्यांचे आजोबा होळकरांच्या दफ्तरात होते आणि अप्पासाहेब तिथून अजून रिटायर झालेले नाहीत. तिकडे जायला आधी सरकारी परवाना काढावा लागतो, हे ऐकल्यावर त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"परवाना? आपल्याच देशात? श्रीपादराव, आमचे आजोबा महूपासून महेश्वरपर्यंत बिलकुल बिनपरवाना फिरले. कुणाची हिंमत नव्हती अडवायची."

"पण अप्पासाहेब, महेश्वर आपल्याच संस्थानात होतं ना?"

"तेच तर म्हणतोय मी," अप्पासाहेब म्हणाले आणि विजयी मुद्रेने कप पुन्हा उचलला.

समोरच्या फ्लॅटमधल्या परेशचा नमकीनचा धंदा आहे, त्यामुळे जगातल्या कुठल्याही संकटावर त्याच्याकडे एकच इलाज असतो. "भिया, वां पे अपने लायक कुछ नी मिलने का. बांस खाते हैं, बांस! अपन बता रिये हैं, लौंग वाली सेव रख लो. आदमी सेव पे महीना निकाल लेता है." माझा मेहुणा जयेश फोनवरून सभेत सामील झाला. "जिजाजी, तुम्ही खामखा रिस्क घेऊन राहिले. टूरवाल्यांबरोबर जा ना. तुमच्याच्याने होणार नाही हे."

या शेवटच्या वाक्याने घात केला. वास्तविक मी मनातून टूर कंपनीच्याच बाजूचा होतो. पण 'तुमच्याच्याने होणार नाही' असं मेहुण्याने स्पीकरवर म्हटल्यावर नवऱ्यापुढे काही पर्याय उरत नाही. मी जाहीर करून टाकलं की सगळं मी स्वतः करीन, परवान्यापासून परतीपर्यंत.

हा सगळा घाट अंबिकेसाठी होता. अंबिका म्हणजे माझी बायको. मराठी मंडळींच्या एका शाळेत तिने उभी नोकरी भूगोल शिकवण्यात घालवली आणि या उन्हाळ्यात ती निवृत्त झाली. दरवर्षी मुलांना ती ईशान्येचे नकाशे भरायला द्यायची आणि घरी आणून तपासायची. अरुणाचलच्या वरच्या टोकाला, सीमेला खेटून एक दरी आहे. तिच्यातून एक नदी खाली येते आणि बऱ्याच गटांगळ्या खाऊन ब्रह्मपुत्रेला मिळते. पुस्तकातल्या नकाशात ती केसाएवढी निळी रेघ आहे, तिला नावसुद्धा छापलेलं नाही. ती दरी एकदा डोळ्यांनी बघायची, एवढंच अंबिकेचं मागणं होतं. सोनं नको, साडी नको. एवढ्या वर्षांत तिने माझ्याकडे धडपणे मागितलेली ही एकच गोष्ट, आणि ती मला तिला दाखवायचीच होती.

परवाना घरबसल्या कॉम्प्युटरवर निघतो, असं सांगतात. तसा तो निघतो, पण आधी फोटो चढवावा लागतो. माझा फोटो तीनदा नाकारला गेला. कारण कळेना. शेवटी अंबिकेने चष्मा लावून स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाली, "अहो, टोपी तर काढा पहिले."

टोपीबद्दल सांगायला हवं. मी आमच्या लालबागकडच्या वस्तीतल्या स्वच्छता समितीचा सचिव आहे. हे पद बिनपगारी आहे, बिनमहत्त्वाचं नाही. समितीची टोपी आहे, जाकीट आहे, हातमोजे आहेत. आमचं शहर स्वच्छतेत देशात पहिलं आलं ते काही आपोआप आलेलं नाही; त्यामागे माझ्यासारख्यांनी सकाळी सकाळी लोकांच्या बादल्यांत डोकावून पाहिलेलं आहे. इंदूरच्या माणसाला गाव सोडलं की दोन त्रास होतात. सकाळी पोहे मिळत नाहीत, आणि कचरा टाकायला वेगवेगळे डबे दिसत नाहीत. पैकी दुसऱ्या त्रासावर उपाय म्हणून मी प्रवासात ओल्या-सुक्याच्या पिशव्या आणि हातमोजे बरोबर ठेवतो. टोपी उतरवून काढलेला फोटो शेवटी मंजूर झाला, पण तो मला आजही माझा वाटत नाही.

दसरा झाल्यावर आम्ही निघालो. अरुणाचलच्या वेशीवर पोलीस चौकी लागली. तिथल्या शिपायाने परवाना पाहिला, मला पाहिलं, परत परवाना पाहिला. मग बॅग उघडायला लावली. वरच परेशची सेव होती.

"अंकल, ये नमकीन का परमिट किधर है?"

मी गडबडून गेलो. आधार कार्ड काढलं, परवान्याची प्रत काढली, शेवटी समितीचं ओळखपत्रही काढलं. शिपाई इतका हसला की आतल्या साहेबांना बाहेर यावं लागलं. ती थट्टा होती हे मला सोडून सगळ्यांना कळलं होतं. सेवेचं एक पाकीट चौकीत ठेवून आम्ही पुढे सरकलो, आणि अंबिका पुढचे दोन घाट खिडकीकडे तोंड करून हसत होती.

रस्ता कसला, नुसती वळणं. पण अंबिका खुशीत होती. डोंगर बदलला की माणसं बदलत होती. चौकीतला शिपाई एका जमातीचा, आमचा गाडीवाला दुसऱ्या, वाटेत चहा देणारी बाई तिसऱ्या. प्रत्येकाची भाषा निराळी, आणि एकमेकांशी बोलायला सगळ्यांना हिंदी. "मी हे सगळं शिकवलं आहे," अंबिका म्हणायची, "पण हे असं एका चहाच्या टपरीवर दिसेल, असं वाटलं नव्हतं." माझा जीव सुपाएवढा झाला. मनातल्या मनात मी जयेशला उत्तरं देत होतो.

दोगिन नावाच्या गावात आमचा एका रात्रीचा मुक्काम होता. तिथून सकाळी निघालं की दुपारपर्यंत अंबिकेची दरी. उतरायचं ठिकाण म्हणजे बांबूचं लांबलचक घर, मध्ये चूल आणि भोवती सगळं कुटुंब. घरातली तरुण मुलगी यापी पाहुण्यांची व्यवस्था बघायची. तिचे वडील तामो कमी बोलायचे. आणि तामोची आई, जिला सगळं गाव 'आने' म्हणतं. आने म्हणजे आई. आने एक पाय ओढत चालायची, पण तिची नजर चुलीपासून दारापर्यंत सगळीकडे असायची. अंबिकेने तिला वाकून नमस्कार केला. आनेने तिच्या हाताला धरून तिला चुलीपाशी बसवलं आणि एकीचा शब्द दुसरीला कळत नसताना दोघी झोपेपर्यंत गप्पा मारत होत्या.

सकाळी मला सवयीने लवकर जाग आली. इंदुरात या वेळी कचऱ्याची गाडी येते. अंगाला ती वेळ पाठ झालेली आहे. घर झोपलेलं होतं. मी बाहेर आलो. अंगण सुरेख, पण एका कोपऱ्यात, घराच्या अगदी दर्शनी भागात, कचरा! चिरलेल्या बांबूच्या काटक्या रोवलेल्या, त्यांना सालपटांच्या झिरमिळ्या, त्यांत अडकलेली अंड्यांची टरफलं, कोंबडीची पिसं, सुकलेली पानं. मला वाटलं, कसला तरी सण होऊन गेलाय आणि मांडव काढायचा राहिलाय. आपल्याकडे नाही का गणपतीचं मखर दिवाळीपर्यंत पडून असतं.

त्या क्षणी मी परत आत जाऊन झोपलो असतो तर ही हकीकत इथेच संपली असती. पण मी हातमोजे घातले.

काटक्या आणि झिरमिळ्या: सुका. टरफलं आणि पानं: ओला. पिसांबद्दल आमच्या समितीत दोन मतं आहेत. मी ती ओल्यात टाकली. मग कोपऱ्यातल्या केरसुणीने जागा लख्ख झाडली आणि दोन्ही पिशव्यांची तोंडं बांधून शेजारी शेजारी ठेवली. एव्हाना कुंपणाबाहेर माणसं जमायला लागली होती. आधी दोन बायका, मग पाच-सहा पुरुष, मग बरेच. सगळे त्या दोन पिशव्यांकडे बघत होते. मला भरून आलं. इंदुरात कौतुकाला माणसं अशी जमत नाहीत, तिथे आता सगळ्यांनाच सवय झाली आहे.

"देखिए," मी सुरुवात केली, "इसमें कोई बड़ी बात नहीं है। गीला अलग, सूखा अलग। बस, इतना ही करना है।"

एक म्हातारा कपाळाला हात लावून खाली बसला. मला वाटलं, नीट ऐकायला बसला. मी त्याच्यासाठी पिसांचा मुद्दा जरा विस्ताराने सांगितला.

तेवढ्यात यापी बाहेर आली आणि दारातच थबकली. "अंकल! आप ये क्या किया? ये तो पूजा था। आने का पैर के लिए बनाया था।"

पायाखालची जमीन सरकते म्हणतात, ती खरंच सरकते. यापीमागून तामो आला, त्याच्यामागून पाय ओढत आने. आनेने रिकाम्या कोपऱ्याकडे पाहिलं, माझ्या हातमोज्यांकडे पाहिलं. आणि सगळ्यांत शेवटी अंबिका. तिला एका नजरेत सगळं कळलं. नकाशा वाचायची सवय. लग्नानंतर तिने कधी मला नावाने हाक मारलेली नाही, चारचौघांत तर नाहीच.

"श्रीपाद," ती म्हणाली, "आत या."

पुजाऱ्याला बोलावणं गेलं. मी दोन्ही पिशव्या पुढे केल्या आणि यापीला म्हणालो, सगळं आहे, एक पीससुद्धा हरवलेलं नाही, फक्त वेगवेगळं आहे. पुजाऱ्याने पिशव्यांकडे बघितलंही नाही. एकदा मोडलेलं परत वापरता येत नाही, नवीन मांडावं लागतं. मग त्याने काहीतरी विचारलं. आने एक वाक्य बोलली. पुजाऱ्याने भुवया उंचावल्या, माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि मान डोलावली.

नंतर एक कोंबडी कापली गेली आणि पुजाऱ्याने तिचं काळीज निरखून निकाल दिला. आमच्या घरात अंडंही येत नाही, आणि माझ्यापायी एका निरपराध कोंबडीचा जीव गेला. आजवर माझी पत्रिका पाहून झाली आहे, हातही पाहून झाला आहे, पण माझं भविष्य असं दुसऱ्याच्या पोटातून निघेल असं वाटलं नव्हतं. निकाल असा होता की नवी पूजा मांडेपर्यंत आणि त्यानंतर सगळं शांत होईपर्यंत काही दिवस या घरातून कुणी बाहेर जायचं नाही, बाहेरचं कुणी आत यायचं नाही.

"हम लोग तो मेहमान हैं," मी चाचरत म्हणालो. "हमको तो आज ऊपर जाना है।"

"नहीं अंकल, तुम लोग भी," यापी म्हणाली. "तुम लोग तो अभी घर का है।"

गाडीवाला कुंपणापलीकडे गाडी पुसत होता. त्याच्यामागे डोंगर होता आणि डोंगरामागे कुठेतरी ती दरी. अंबिका ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने भरलेली बॅग उघडली, कपडे काढून नीट घड्या करून ठेवले आणि चुलीपाशी जाऊन बसली. तिला मी जे दाखवायला आणलं होतं ते काही तासांवर होतं, आणि ते मी माझ्या हातांनी झाडून टाकलं होतं. मला अगदी रडू यायचं बाकी होतं.

दुपारी अप्पासाहेबांचा फोन लागला. मी थोडक्यात परिस्थिती सांगितली. "नजरकैद!" ते ओरडले. त्यांच्या आवाजात काळजीपेक्षा समाधान जास्त होतं. "मी सांगितलं होतं की नाही? कलेक्टरला कळवू का? बोला, कळवू?" मागून परेशचा आवाज आला, "भिया, सेव है ना? फिर कायकू टेन्शन!"

सेव होती, पण ती माझ्या ताब्यात नव्हती. आनेला ती भलतीच आवडली होती. ती पाकीट मांडीखाली घेऊन बसायची आणि लहर लागली की प्रत्येकाच्या हातावर मोजकी ठेवायची, मला सर्वांत शेवटी.

नवी पूजा मांडण्याच्या कामात तामोने मला घेतलं. कोयता हातात देऊन तो म्हणाला, "छोटा भाई, ये छीलो." बांबू असा तासायचा की सालपट न तुटता त्याची कुरळी झिरमिळी झाली पाहिजे. माझी झिरमिळी होईना. बोट मात्र तासलं गेलं. आने माझं काम हातात घेऊन तपासायची, माझ्याकडे बघायची आणि निमूटपणे चुलीत टाकायची. शाळेत चित्रकलेच्या सरांनी केला नसेल एवढा माझा अपमान त्या चुलीने केला. शेवटी एक झिरमिळी तिने चुलीत टाकली नाही, बाजूला ठेवली. ती पूजेत लागली का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

'छोटा भाई' हे काय प्रकरण, ते त्या संध्याकाळी यापीने सांगितलं. पुजाऱ्याने विचारलं होतं, हे मोडणारा कोण? बाहेरच्याने मोडलं असेल तर मिथुन द्यावा लागतो. मिथुन म्हणजे तिकडचा दांडगा बैल, तो दिला की घर खालीच बसतं. घरच्याने मोडलं असेल तर कोंबडीवर भागतं. तेव्हा आने म्हणाली, "हा माझा धाकटा मुलगा आहे. अक्कल कमी आहे, पण माझा आहे."

अंबिका आनेशेजारी बसून पालेभाजी निवडत होती. तिचे हात थांबले. इतक्या वेळात पहिल्यांदा तिने माझ्याकडे सरळ पाहिलं. माझ्या आईला जाऊन बरीच वर्षं झाली. माझ्या अकलेबद्दल एवढ्या मायेने त्यानंतर कुणी बोललं नव्हतं. मी उठून आनेच्या पाया पडलो. दुखरा पाय कुठला ते आठवेना म्हणून दोन्ही पायांना हात लावला.

"म्हणजे मला या वयात परत सासू," अंबिका म्हणाली. ती हसली, आणि माझ्या छातीवरचा धोंडा उतरला.

सासूने सून लगेच कामाला लावली. भात निवडणं, चुलीवरच्या मांडणीत सुकत घातलेलं खालीवर करणं, कुठल्या खोऱ्यातली माणसं कुठला भात पेरतात आणि कुणाचा कुणाला आवडत नाही, हे सगळं आने सांगायची आणि यापी हिंदीत पोचवायची. अंबिका चष्मा पुसत ऐकायची. मी मात्र खिडकीतून गाडीकडे बघत हिशेब करत होतो की सुटका कधी होते आणि दरी गाठता येते का.

सुटका झाली तेव्हा परतीच्या विमानाआधी बरोबर एक दिवस हातात होता. वर जाऊन परत यायला पुरेसा. मी पहाटेच गाडीवाल्याला उठवलं, बॅग गाडीत टाकली आणि अंबिकेला हाक मारायला आत आलो. ती पाठीला वेताची टोपली बांधून उभी होती. हातात विळा.

"हे काय? गाडी तयार आहे!"

"अहो, आज गावातली कापणी आहे. आईंनी सगळ्यांना सांगून ठेवलंय की माझी सून येणार म्हणून."

"आणि दरी? अंबिका, एवढी इंदूरहून आलीस तू!"

ती टोपलीचा पट्टा कपाळावर नीट करत म्हणाली, "'येथील लोकांचा मुख्य व्यवसाय भातशेती आहे.' एवढंच एक वाक्य शिकवलं मी नोकरीभर. एका मार्काचा प्रश्न होता. आता ते वाक्य समोर आलंय तर सोडून जाऊ? तुम्ही जाऊन या ना. गाडीचे पैसे फोकट कशाला घालवायचे?"

गाडीचे पैसे फोकट घालवणं कुठल्याच इंदुरी माणसाला जमणारं नाही. मी गेलो. ज्या दरीत मला काडीचा रस नव्हता, जी मी बायकोला दाखवायला निघालो होतो, तिथे मी एकटाच मागच्या सीटवर बसून गेलो. वर पोचलो तर धुकं. दरी नाही, नदी नाही, शेजारी उभा असलेला गाडीवालासुद्धा फक्त आवाजाने ओळखू येत होता. "इधर ही है अंकल," तो म्हणाला, "एकदम सामने।" मी समोर फोन धरून फोटो काढला. फोटो पांढराशुभ्र आला. आमच्या समितीलाही इतकं स्वच्छ काही कधी जमलेलं नाही.

परत आलो तेव्हा घर चुलीभोवती बसलं होतं. अंबिकेच्या केसांत भाताचं तूस होतं, हात ओरखडलेले, चेहरा लालबुंद. मी अपराध्यासारखा फोन पुढे केला. "काही दिसलं नाही गं. नुसतं धुकं."

तिने फोन घेतला. पांढऱ्या फोटोवर दोन बोटं ठेवून तो मोठा केला, आणखी मोठा केला. "असं कसं? ही इथे बघा, नदी डावीकडून येते. इथे वळते. या मागे दोन शिखरं, त्यांच्यामध्ये खिंड. आणि या बाजूला उतारावर गाव असणार, सूर्य इकडून उगवतो ना." तिचं बोट पांढऱ्यावरून फिरत होतं आणि मी तिच्या खांद्यावरून बघत होतो. खरं सांगतो, मला दिसली. नदी दिसली, खिंड दिसली. जी दरी मी तिला दाखवायला निघालो होतो, ती तिने मला चुलीपाशी बसून दाखवली.

आनेने हात पुढे करून फोन मागून घेतला आणि बराच वेळ त्या पांढऱ्या फोटोकडे पाहिलं. मग काहीतरी म्हणाली.

"आने बोलता है, अच्छा जगह है," यापी म्हणाली. "इतना पास में है, पर आने कभी नहीं गया। पैर दुखता है, कोई ले के नहीं गया। बोलता है, छोटा बेटा ले जाएगा क्या?"

मी ताडकन उठलो. गाडीवाल्याला ओरडून हाक मारली, विमानाच्या तिकिटांसाठी खिसे चाचपले, आनेला पुढच्या सीटवर बसवायचं की मागच्या, उशी कुठून आणायची, वाटेत काय खायचं, सगळं एका दमात बोलायला लागलो. अंबिकेने माझा शर्ट धरून मला खाली बसवलं.

"विमानाची तिकिटं तेवढी पुढे ढकला," ती म्हणाली, "आणि गप्प बसा. या वेळी सगळं मी ठरवते."